बरागुमूची वाटणी आणि लुगुशांची बैठक

"आभाळ, समुद्र आणि टेलिफोन कंपनी," मझे सेमकीवा म्हणाले, "या तीन गोष्टींची वाटणी आजवर कोणी केलेली नाही, आणि कयामतीपर्यंत कोणी करणार नाही."

तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला आणि सरकत सरकत कॉफीच्या कपावर आदळला.

टांगा बंदरातल्या जुन्या रेल्वे वसाहतीच्या मागे रानबदामाचं झाड आहे. त्याच्याखाली दर शुक्रवारी दुपारी 'मशिकामानो', म्हणजे एकजूट, या नावाच्या संघाची सभा भरते. सदस्य तेवीस. सगळे रेल्वेतून, बंदरातून नाहीतर टपाल-टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अध्यक्ष मझे, म्हणजे वडीलधारे, सेमकीवा. ते कोरोग्वे स्टेशनचे स्टेशनमास्तर होते आणि अजूनही समोरचा माणूस गाडीसारखा वेळेवर आला की नाही हे आधी बघतात. संघाची बचत बरागुमू या टेलिफोन कंपनीच्या शेअरमध्ये घालावी, असा आग्रह बारा वर्षांपूर्वी त्यांनीच धरला होता. त्यांच्या मते ज्या कंपनीचं नाव रणशिंगावरून ठेवलंय, ती गप्प बसणं शक्य नव्हतं.

सेमकीवांनी फोन उचलला. चष्मा खिशात होता, पण एके काळी दोन किलोमीटरवरचा सिग्नल वाचणारा माणूस चारचौघांत चष्मा लावत नाही.

"बघा," ते म्हणाले. "मी बोलतो काय आणि कंपनी करते काय. गाविओ जाहीर झालाय."

गाविओ म्हणजे नफ्यातला वाटा. झाडाखाली लगेच आनंद पसरला. कोणीतरी विटुंबुआंची, म्हणजे तांदळाच्या आप्प्यांची, दुसरी परात मागवली. बी साउमू, म्हणजे साउमूबाई, मात्र खात नव्हती. निवृत्तीनंतर तिने मासळीबाजाराशेजारी मोबाइलवरून पैसे पाठवायचं खोपटं टाकलं होतं. कंपनीचे संदेश ती दिवसभर वाचायची, त्यामुळे तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"मझे, तो फोन जरा इकडे द्या," ती म्हणाली. वाचून झाल्यावर तिने हातातला विटुंबुआ परातीत परत ठेवला. "हे गाविओ नाही. हे म्गावान्यो आहे."

म्गावान्यो म्हणजे वाटणी. दोन्ही एकाच घरातले शब्द. पण एक आला की लोक कोंबडी कापतात आणि दुसरा आला की वकील गाठतात.

हळूहळू सगळा उलगडा झाला. अकरा देशांत पसरलेल्या बरागुमूचे तीन तुकडे होणार होते. मनोऱ्यांची एक कंपनी, मोबाइलवरच्या पैशांची दुसरी, आणि नुसत्या बोलण्याची तिसरी. ही मागणी परदेशातल्या बड्या गुंतवणूकदारांची होती. संध्याकाळी रेडिओवर एका तज्ज्ञाने सांगितलं की वाटणीमुळे कंपनीत अडकून पडलेलं मूल्य मोकळं होतं.

"माझ्या भावांची वाटणी झाली तेव्हा फक्त बकऱ्या मोकळ्या झाल्या होत्या," फुंडी, म्हणजे मिस्त्री, चांबुसो म्हणाला. "अजून दोन सापडायच्यात."

पुढच्या आठवड्यात शेअर दलालाच्या कचेरीतून फॉर्म आला. जुन्या शेअरच्या बदल्यात तीनपैकी कोणत्या कंपनीचे नवे शेअर हवेत, त्या चौकोनात खूण करायची. खूण एकच. मुदत महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ज्यांच्याकडून उत्तर येणार नाही, त्यांना तिन्ही कंपन्यांचे सारखे भाग मिळतील.

सेमकीवांनी ती ओळ सभेत वाचून दाखवली आणि सुचवलं, "मग आपण उत्तरच नाही दिलं तर?"

हे ऐकून सभा दुखावली. ज्या संघात बावीस वर्षांत एकही माणूस कोणत्याही प्रश्नावर गप्प बसला नव्हता, त्याला अध्यक्ष गप्प बसायला सांगत होते.

"आपण काय मुके आहोत?" बी म्वांतुमूने विचारलं. तिने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. "लोकांना विचारलंय, तर लोक सांगतील."

लोकांनी सांगितलं. फुंडी चांबुसो रेल्वेच्या सिग्नलचा मिस्त्री. त्याच्या मागे आठ जण मनोऱ्यांच्या बाजूने गेले. त्याचं म्हणणं असं, की माणसं येतात-जातात, लोखंड राहतं. बी साउमूच्या मागे सहा जण पैशांच्या बाजूने गेले. बी म्वांतुमूच्या मागे चार जण बोलण्याच्या बाजूने गेले आणि आवाजात ते बाकीच्या सगळ्यांना पुरून उरले. सेमकीवा अध्यक्ष म्हणून कोणाचेच नव्हते. उरले मझे लुगुशा. ते नेहमीप्रमाणे झोपले होते.

दुसऱ्या शुक्रवारपर्यंत झाडाखाली तीन चटया झाल्या. तीन चटयांवर तीन किटल्या आल्या. साखरेचा डबा एकच होता, तोही चमच्याने मोजून तीन वाट्यांत ओतला गेला. चांबुसोने जाहीर केलं की मनोऱ्यांवर खूण झाली नाही तर त्याचे लोक संघ सोडतील. बी साउमूने तेच पैशांबद्दल सांगितलं. बी म्वांतुमूने तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ.

संघाच्या घटनेत अकरावं कलम आहे. एक तृतीयांश सदस्य निघून गेले, तर संघ बंद. ते कलम सेमकीवांनीच लिहिलं होतं. तेव्हा ते फार हुशार वाटलं होतं.

आता त्या कलमाने त्यांची झोप उडाली. शेअरचं काय व्हायचं ते होवो. पण सेमकीवांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलं दार एस सलामला. ती रविवारी फोन करायची, 'बाबा, बरं आहे ना' म्हणायची, आणि 'बरं आहे' ऐकून ठेवून द्यायची. 'अहो मझे, तुम्हाला काही कळत नाही' असं तोंडावर म्हणणारी माणसं या जगात बावीसच उरली होती, आणि ती सगळी शुक्रवारी या झाडाखाली असायची. कोणत्याही चौकोनात खूण केली, तरी त्यातली निम्म्याहून जास्त जाणार होती. त्यांनी आयुष्यात शेकडो गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला होता. पण पेनची एक खूण काही त्यांच्याने होईना.

तिसऱ्या शुक्रवारी दोन वाजता सभा भरली. दलालाची कचेरी बँकेच्या गल्लीत, सायकलवरून दहा मिनिटांवर. चांबुसोने सायकलीत हवा भरून ठेवली होती. कोऱ्या चौकोनांचा फॉर्म बाकावर, त्यावर वारा नको म्हणून वाटी. लुगुशांचा पत्ता नव्हता.

सव्वादोनला वसाहतीच्या कोपऱ्यावरून रडण्याचा आवाज आला. रडणारा पुरुष होता आणि त्याला रडण्याचा सराव नव्हता. पाठोपाठ लुगुशाच उगवले. अंगात गार्डचा जुना काळा कोट, डोक्यावर टॉवेल.

"गेली रे गेली. बरागुमू गेली. आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही. मतानीला न बोलावता माती देणार होतात?"

लुगुशा मूळचे तबोराकडचे न्यामवेझी, सेमकीवा इथले बोंदेई. या दोन जमातींमध्ये उतानी आहे, म्हणजे चेष्टेचं नातं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी न्यामवेझींचे तांडे हस्तिदंत वाहत किनाऱ्यावर यायचे. तेव्हा दोघांची भांडणं झाली, मग तह झाला, आणि तहात ठरलं की यापुढे एकमेकांना काहीही बोलायचं, पण रागवायचं नाही. अशा नात्यातला माणूस म्हणजे मतानी. तो लग्नात नवऱ्याची टिंगल करतो. मयतीला आला तर मेलेल्याची नक्कल करतो, आणि खोदलेल्या कबरीत उताणा पडून हक्काचं काही मिळेपर्यंत बाहेर यायला नकार देतो. त्याला ओढून काढता येत नाही. त्याच्यावर चिडलेला माणूस गावात चेष्टेचा विषय होतो, तेही जन्मभर.

सेमकीवांची बायको गेली तेव्हा लुगुशा असेच कबरीत उतरले होते. तिचा कालवणाचा डाव मिळाल्याशिवाय वर येणार नाही, कारण नवऱ्याला नारळाचं कालवण जमत नाही आणि डाव इथे वाया जाईल, असं ते आतून ओरडत होते. त्या सबंध आठवड्यात सेमकीवा तेव्हा एकदाच हसले होते.

"कोणी मेलेलं नाही, हमाला," सेमकीवा म्हणाले. "घरी जाऊन झोप."

"वाटणी चाललीय ना?"

"चाललीय."

"मग मेल्याशिवाय वाटणी कशी होते? का तुम्हा बोंदेईंकडे म्हातारा जिवंत असतानाच छपराचे पत्रे मोजतात?"

मागच्या चटईवर कोणीतरी हसलं आणि चांबुसोने डोळे वटारल्यावर गप्प झालं.

"मयत कुठंय?" लुगुशांनी विचारलं.

सेमकीवांनी बाकावरच्या फॉर्मकडे बोट दाखवलं. लुगुशांनी वाटी बाजूला केली, टॉवेलाने डोळे पुसले, फॉर्म पुढून वाचला, उलटून मागून वाचला. मग तो जिथल्या तिथे नीट पसरला आणि त्यावर बसले.

"उतरलो कबरीत," ते म्हणाले. "आता बोला, काय देता?"

"हे बघा लुगुशा," चांबुसो म्हणाला, "तिसरा शुक्रवार आहे. चारला कचेरी बंद होते."

"मयताला कसली घाई? काय देता?"

"पाचशे शिलिंग."

"पाचशेत या गावात शेंगदाण्याची पुडी येते. बरागुमूसारखी थोर बाई, अकरा देशांत सासर, आणि तिच्या मतानीला शेंगदाणे?"

"कोंबडी देतो."

"कोणती? ती तांबडी? ती अंडी देत नाही म्हणून तू ती तीन जणांच्या गळ्यात मारून पाहिलीयस. त्यात एक मी होतो."

आता सगळे हसले. चटया अजून तीनच होत्या, पण हसू एकच होतं. लुगुशांनी कॉफी मागितली. मनोऱ्यांच्या किटलीतून एक कप आला. मग त्यांना वाटलं की दुसऱ्या दोघींचा अपमान नको, म्हणून पैशांच्या किटलीतून एक घेतला, बोलण्याच्या किटलीतून एक घेतला, आणि मयताच्या गुणवर्णनाला सुरुवात केली.

"मेलेल्या बाईला तीन लेकरं. थोरलं मनोरा. त्याच्यावर आमच्या चांबुसोची भक्ती. साहेब एकदा मुहेझाला सिग्नलच्या खांबावर चढले, आणि खाली बघितल्यावर त्यांना आठवलं की आपल्याला उंची सोसत नाही. गाडी चाळीस मिनिटं उभी. मी गार्ड होतो. लोक खाली उभे राहून त्यांना धीर देत होते."

"बावीस मिनिटं," चांबुसो म्हणाला.

"मधलं लेकरू पैसा. तो आमच्या साउमूचा लाडका. गेल्या रमजानात मी माझ्या बहिणीला पैसे पाठवले, ते हिने एक आकडा चुकवून किगोमाच्या कोणा माणसाला पोचवले. तो भला माणूस मला अजून दर ईदला मुबारकबाद पाठवतो. माझी बहीण पाठवत नाही."

बी साउमूने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते.

"आणि धाकटं बोलणं. त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. म्वांतुमू बसलीय, ती मला बोलू देणार नाही."

"बोला की," बी म्वांतुमू म्हणाली. "मी तीस वर्षं तुमचं ऐकत आलेय. बायकोशी बोलायचात तेसुद्धा."

"तेव्हा तरी कोणीतरी ऐकत होतं म्हणायचं," लुगुशा म्हणाले.

तीन वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा किती वेळ गेला ते चांबुसोच्या लक्षात आलं. तो उठला. "पुरे झालं. उचला यांना."

चार जण उभे राहिले. चौघे एकमेकांकडे बघत राहिले. मतानीला कबरीतून ओढून काढणारा माणूस टांगात आजवर झाला नव्हता, आणि पहिला मान कोणालाच नको होता. शिवाय लुगुशांचं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. चौघे बसले.

"दुसरा फॉर्म आणता येईल," कोणीतरी म्हणालं.

"एका नावाला एकच," बी साउमू म्हणाली. "वर लिहिलंय तसं."

"मागा मग एकदाचं काय ते," चांबुसो म्हणाला.

लुगुशांनी विचार केला. मग सेमकीवांकडे बघितलं. नजर जरा जास्तच वेळ तिथे राहिली, आणि मग झाडाच्या बुंध्याला टांगलेल्या घड्याळाकडे गेली.

"अध्यक्षांची टोपी," ते म्हणाले.

सेमकीवांच्या डोक्यावर भरतकाम केलेली पांढरी कोफिया होती. हात तिच्याकडे निम्मा गेला आणि थांबला. आत्ता टोपी दिली की लुगुशा उठणार, पेन पुढे येणार, आणि सहा वाजेपर्यंत या झाडाखाली फक्त आपण आणि पालापाचोळा. स्टेशनमास्तराच्या डोक्यात उभी गाडी आणि लाल सिग्नल यांचा संबंध लागायला फार वेळ लागत नाही. त्यांनी हात खाली घेतला. खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर लावला.

"टोपी द्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण ही टोपी मी अध्यक्ष म्हणून घालतो. तेव्हा ती माझी की संघाची, हे आधी ठरलं पाहिजे."

"तुमची आहे," चांबुसो म्हणाला. "द्या."

"दहाव्या वर्धापनदिनाला संघाने दिली होती," बी म्वांतुमू म्हणाली. "मी स्वतः आणली होती."

"अर्धे पैसे संघाचे, अर्धे मझेंचे," बी साउमू म्हणाली. "मला आठवतंय."

"वर्गणीतून आणली होती."

"वर्गणीतून केक आणला होता."

"मग ठराव मांडावा लागेल," सेमकीवा म्हणाले. "आणि ठरावाला अनुमोदन लागेल. मागच्या वेळी अनुमोदनाशिवाय खुर्च्या विकल्या, तर पुढे वर्षभर बोलणी खावी लागली."

खुर्च्यांचं नाव निघालं आणि मग कोणाचाच इलाज चालला नाही. त्या खुर्च्या नऊ वर्षांपूर्वी विकल्या होत्या आणि प्रत्येकाला त्यांच्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. मनोऱ्यांचे तिघे पैशांच्या चटईवर जाऊन सांगू लागले, कारण खुर्च्यांचा खरा भाव तिथल्या एकाला ठाऊक होता. चांबुसो स्वतः म्हणाला की दोन खुर्च्यांचे पाय त्याने फुकट दुरुस्त केले होते आणि त्याचा इतिवृत्तात उल्लेख नाही. सेमकीवांनी तो उल्लेख तिथल्या तिथे करून घेतला, सावकाश, ठळक अक्षरात. लुगुशा आणखी एक कॉफी प्याले.

मशिदीवरून अजान झाली तेव्हा टोपी संघाची ठरायला दोन मतं कमी पडत होती.

मग एकेकाने घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं.

अशी शांतता त्या संघात कधी झाली नव्हती. वरचं एक पान गळून साखरेच्या वाटीत पडलं, त्याचाही आवाज आला. सेमकीवा चांबुसोच्या तोंडाकडे बघत होते. चांबुसो सायकलीकडे बघत होता.

फोन वाजला. दलालाच्या कचेरीतली मुलगी होती. सेमकीवांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मझे, तुमचा फॉर्म आला नाही."

"नाही आला," सेमकीवा म्हणाले.

"मग तुम्हाला तिन्ही कंपन्यांचे सारखे भाग मिळतील. चालेल ना? आता न चालून उपयोगही नाही म्हणा. आणि काळजी करू नका. परदेशातल्या कितीतरी मोठ्या फंडांनी फॉर्म भरलाच नाही, असं वरून कळलंय. फक्त काही करायचं नाही हे ठरवायला त्यांनी सल्लागार नेमले होते. त्याची फी म्हणे लाखांत."

"आम्हालाही लागलीय फी," सेमकीवा म्हणाले. "एक टोपी. अजून द्यायचीय."

फोन बंद झाला. चांबुसोने तोंड फुगवून हवा सोडली, सायकलीच्या ट्यूबमधून सोडावी तशी. मग तो सेमकीवांच्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू? मनोऱ्यांचं मला काहीच कळत नाही. एकदा बोललो आणि मग माझ्या मागे आठ माणसं येऊन उभी राहिली. आता मागे कसं फिरायचं?"

थोड्या वेळाने बी साउमू दुसऱ्या बाजूला येऊन बसली. तिला भीती वाटत होती, की पैशांचे शेअर घेतले आणि पुढे पडले, तर उरलेलं आयुष्य लोक तिच्या खोपट्यासमोर उभे राहून तिला ऐकवतील. बी म्वांतुमू आलीच नाही. ती लांबूनच सगळ्यांना सांगत होती की आपण पहिल्या दिवसापासून गप्प बसायच्याच बाजूच्या होतो. कोणी ते खोडून काढलं नाही. मग तिने तिन्ही किटल्या एका मोठ्या पातेल्यात ओतल्या. एकीत आलं होतं, एकीत वेलची, आणि एकीत बहुतेक काहीच नव्हतं. चव विचित्र झाली. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. चटया कोणी मुद्दाम सरकवल्या नाहीत, पण माणसं मावेनात म्हणून त्या एकमेकींना येऊन लागल्या.

सेमकीवांच्या छातीवरून मालगाडी उतरावी तसं झालं होतं. पुढच्या शुक्रवारी हे बावीसही जण येणार. आपल्याला काही कळत नाही असं सांगणार. टोपीचा ठराव अजून अपुरा आहे, तो निदान तीन शुक्रवार पुरेल. त्यांना भरून आलं. भरून आलं की सेमकीवांना उभं राहावं लागतं. ते उभे राहिले, कोफिया सरळ केली आणि घसा साफ केला.

"मित्रांनो," ते म्हणाले, "कंपन्या फुटतात. देश फुटतात. बड्या बड्या शहाण्यांच्या तिजोऱ्या फुटतात. पण ज्या झाडाखाली तेवीस माणसं एका पातेल्यातून पितात, त्या झाडाला—"

"मझे," बाकावरून लुगुशा म्हणाले.

"काय?"

"ते पुढच्या शुक्रवारी सांग. आता ही माणसं जरा बाजूला कर आणि मला वाट दे. सहा कप कॉफी झालीय, दोन तास दाबून बसलोय."